बाबांच्या बीटचा डावा मागचा दरवाजा: जुना पार्ट शोधून बसवण्याचं पूर्ण प्रकरण

गाडी शेवरलेट बीट, २०१२ ची, १.२ पेट्रोल, सिल्व्हर. बाबांनी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतलेली पहिली आणि एकुलती एक गाडी, तळेगावच्या प्लांटमध्ये बनलेली, म्हणजे आमच्या चिंचवडच्या घरापासून तासभराच्या आतच. हे आधी सांगतेय कारण "१२ वर्षांची गाडी, काढून टाका ना" असं आम्हाला निदान दहा जणांनी सांगितलं आणि आम्ही काढली नाही. इंजिन उत्तम आहे, रजिस्ट्रेशन २०२७ पर्यंत आहे, आणि बाबांचा हात या गाडीवर बसलाय, या वयात त्यांना दुसरी गाडी शिकायला लावणं मला बरोबर वाटलं नाही.

झालं असं की जून २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात सोसायटीत सामान उतरवायला आलेला पिकअप टेम्पो पावसात रिव्हर्स घेत होता, मागे कुणी उभं नव्हतं, आणि त्याचा मागचा कोपरा आमच्या उभ्या गाडीच्या डाव्या मागच्या दरवाज्यात घुसला. काच वाचली. पत्रा हँडलखालून तळापर्यंत आत गेला, खालची दुमड एका जागी फाटली, आणि बीटचं मागचं हँडल दरवाज्यावर नसतं, वर काचेच्या चौकटीत लपवलेलं असतं, ते हँडलही तडकलं. टेम्पोवाला पळून गेला नाही, त्याने जागेवर ६,००० रुपये दिले आणि आम्ही ते घेतले.

आमचे मिस्त्री, म्हणजे गेली सात-आठ वर्षं ज्यांच्याकडे डेंटिंगचं काम देतो ते, संध्याकाळी घरी येऊन बघून गेले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती दरवाजा बघायची नाही. दरवाजा कसाबसा उघडून त्यांनी मोकळ्या चौकटीत टेप लावला, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकं माप घेतलं, मग दुसरं तिरकं, आणि मग गाडीच्या उजव्या बाजूला जाऊन तीच मापं परत घेतली. दोन्ही बाजू जुळल्या. मधला खांब, खालचा रनिंग बोर्ड, मागच्या चाकावरचा पत्रा हे सगळं गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेलं असतं, ते हललं असेल तर कुठलाही दरवाजा आणा, नवा आणा, बसणार नाही आणि लोक मग पार्टला दोष देत बसतात. दरवाजा, बॉनेट, डिकी, पुढचं फेंडर हे बोल्टवर बसतात म्हणून जुने घेऊन बदलता येतात. मागचं क्वार्टर पॅनल, म्हणजे तोच मागच्या चाकावरचा पत्रा, किंवा रूफ जुनं घ्यायची वेळ आली तर तो कापून वेल्ड करायचा वेगळाच उद्योग आहे, तो मी तरी केला नसता.

मग पर्याय तीन. आहे तोच ठोकून सरळ करायचा: मिस्त्री म्हणाले, "ताई, मी करून देतो, पण आतला पाइप वाकलाय." दरवाज्याच्या आत बाहेरच्या पत्र्यामागे एक जाड आडवा बीम असतो, बाजूने धडक बसली तर आतल्या माणसाला वाचवायला. तो वाकून परत सरळ केला की त्याची ताकद पहिल्यासारखी राहत नाही, आणि त्या सीटवर माझी मुलगी बसते. तो पर्याय मी तिथेच बंद केला.

दुसरा नवा दरवाजा. शेवरलेट बनवणाऱ्या जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणं २०१७ च्या शेवटी थांबवलं, तळेगावचा प्लांट पुढे एक्स्पोर्टसाठी चालू होता तोही डिसेंबर २०२० मध्ये बंद झाला, आता तो ह्युंदाईकडे आहे. एका वर्कशॉपने आम्हाला नुसता पत्र्याचा दरवाजा, हँडल, काचेचं मशीन, रंग आणि मजुरी धरून ३४,००० चा अंदाज दिला आणि पार्ट कधी येईल ते सांगता येणार नाही म्हणाले. इन्शुरन्सचा हिशोबही केला, तो करून बघाच, कारण बहुतेक लोक एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल या भीतीनेच क्लेम सोडतात आणि आमच्या बाबतीत ते कारणच नव्हतं. एनसीबीची सवलत ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीच्या, हप्त्यावर मिळते, जुन्या गाडीचा तो हप्ताच लहान, त्यामुळे एनसीबी गेला तरी फार मोठा फटका नव्हता. खरी कात्री डेप्रिसिएशनची, म्हणजे गाडी जुनी म्हणून क्लेममधून होणाऱ्या कपातीची. १० वर्षांपुढच्या गाडीला पत्र्याच्या पार्टवर ५० टक्के कपात, प्लास्टिक आणि रबरावरही ५० टक्के, वर १,००० रुपये कंपल्सरी आपल्या खिशातून, आणि झिरो डेप, म्हणजे ही कपात न होणारी पॉलिसी, इतक्या जुन्या गाडीला आम्हाला कुणी देत नव्हतं. म्हणजे खिशातून बरेच पैसे जाणार आणि पार्टची वाट बघायची ती वेगळीच.

उरला जुना दरवाजा.

पहिले चार-पाच दिवस मी फोनवर "बीट २०१२ चा दरवाजा आहे का" एवढंच विचारत होते आणि प्रत्येक जण "है ना, आ जाओ" म्हणत होता, त्या "है ना" ला काही अर्थ नसतो हे दोन फेऱ्या फुकट गेल्यावर कळलं. मग मी एक ओळ लिहून ठेवली आणि फोनवर तीच वाचायची: बीट, मागचा, एलएच, पॉवर विंडोवाला, भरलेला, बिजागऱ्यांसकट. यातला प्रत्येक शब्द लागतो. एलएच म्हणजे ड्रायव्हर सीटवर बसून आपला डावा हात, काही जण त्याला क्लीनर साइड म्हणतात. पॉवर विंडो सांगायचं कारण खालच्या व्हेरिएंटला मागे हाताने फिरवायची काच असते, त्याचं मशीन वेगळं, वायरिंगच नसतं, आतल्या पॅडला हँडलचं भोक असतं. भरलेला म्हणजे काच, मशीन, कुलूप, हँडल, वायरिंग सगळं आत असलेला, नुसता पत्रा नाही. नुसता पत्रा दीड-दोन हजार स्वस्त पडतो पण मग एकेक वस्तू सुटी शोधत फिरा, आणि सुटी वस्तू महाग पडते.

वर्षाचं म्हणाल तर बीट जानेवारी २०१० ला आली आणि २०१४ मध्ये तिचा फेसलिफ्ट आला, त्यात बदल पुढच्या आणि मागच्या तोंडाला होते, बंपर, ग्रिल, लाइट. दरवाजे तेच. म्हणजे बंपर शोधत असता तर वर्ष धरून बसावं लागलं असतं, दरवाज्याला वर्षापेक्षा व्हेरिएंट महत्त्वाचा. हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं. माझ्या मावसभावाला त्याच्या गाडीचं फेंडर घेताना उलटा अनुभव आला, मॉडेल तेच, वर्ष तेच, पण त्याच्या गाडीचा साइड इंडिकेटर फेंडरवर आणि आणलेल्या फेंडरला भोकच नाही, कारण ते आरशात इंडिकेटर असलेल्या वरच्या व्हेरिएंटचं होतं. म्हणून आपल्या गाडीवरच्या त्या पॅनलचे फोटो आधी काढा, सगळी भोकं, सगळे क्लिप, सगळे प्लग दिसतील असे, आणि समोरच्या पार्टशी एकेक जुळवून बघा.

फोटोवरून घेणार असाल तर एक खूण सांगते. डाव्या दरवाज्याचा फोटो बाहेरून काढला तर बिजागऱ्या फोटोत आपल्या डाव्या हाताला येतात, आतून काढला तर उजव्या. मला एकाने "एलएच" म्हणून आतल्या बाजूचा फोटो पाठवला त्यात बिजागऱ्या डावीकडे होत्या, म्हणजे तो उजवा दरवाजा. त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, ढिगातून काढताना त्याचाही गोंधळ होतो, पण ॲडव्हान्स टाकला असता तर कुरिअरचा खर्च मलाच भरावा लागला असता.

पहिला प्रत्यक्ष बघितलेला दरवाजा पुण्यातच एका दुकानात, आणि तो सिल्व्हर होता. आमचाच रंग! भाव ४,०००, थोडं ओढून ३,००० वर आला, बाबा खूश, म्हणाले रंगाचे पैसे वाचले. मी घरून लोहचुंबक नेलं होतं, साधं फ्रिजवर लावतो ते, पत्र्याला ओरखडा पडू नये म्हणून रुमालात गुंडाळलेलं. वरून खाली सावकाश फिरवलं. वर घट्ट धरत होतं, मध्ये धरत होतं, आणि खालच्या वीतभर भागात सुटायला लागलं, म्हणजे तिथे पत्र्यावर लांबीचा, म्हणजे पोचे भरायच्या पुट्टीचा, जाड थर. मग दरवाजा उलटा करून खालची कड बघितली. कंपनीच्या दरवाज्यात बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो आणि त्या दुमडीवर सीलंटची एकसारखी, सरळ रेघ असते. इथे ब्रशने फासल्यासारखा सीलंट होता, मध्येच जाड मध्येच पातळ, आणि तळाला पाणी बाहेर जायला जी लहान भोकं असतात ती बुजलेली, त्यांच्याभोवती रंगाला फुगे. नखाने दाबलं तर फुगा फुटला आणि आत तांबडा गंज. आतून सडलेला दरवाजा होता तो, समुद्राकाठची गाडी असेल किंवा भोकं बुजून वर्षानुवर्षं पाणी साचलेलं असेल. नाही घेतला.

बाबांना वाईट वाटलं. परत येताना गाडीत ते गप्पच होते, आणि मला तेव्हा नीट सांगता आलं नाही ते इथे सांगते: जुन्या पॅनलमध्ये रंग जुळणं ही सगळ्यात कमी किमतीची गोष्ट आहे. १२ वर्षं दोन वेगळ्या उन्हात उभ्या राहिलेल्या दोन सिल्व्हर गाड्यांचा रंग तसाही एक राहत नाही, रंगवावा लागतोच. पैसे द्यायचे ते कडांचे. दरवाज्याच्या चारही कडा, खालची दुमड, बिजागरी बसते ती जागा, कुलूप बसतं ती जागा, एवढं कंपनीतून आलं तसं असेल तर मधल्या पत्र्यावर दोन पोचे असले तरी चालतील, मिस्त्री ते काढतो. कड बिघडली तर कुणीच काही करू शकत नाही.

दुसरा दरवाजा चिखलीजवळ कुदळवाडीत मिळाला. तेव्हा तिथे भंगाराची गोदामंच गोदामं होती, पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली अनधिकृत बांधकामं मोठ्या प्रमाणावर पाडली, त्यामुळे आज तिथे जाऊन तेच दुकान शोधू नका. तिथे एक पांढरी बीट होती, समोरून पूर्ण गेलेली, टोटल लॉस, आणि आमच्या नशिबाने दरवाजा अजून गाडीलाच लटकत होता. हे मिळालं तर सोन्याहून पिवळं. कारण उतरवून ढिगात टाकलेला दरवाजा स्वतःबद्दल काहीच सांगत नाही, गाडीला लागलेला सगळं सांगतो. बिजागरीच्या बोल्टवरचा रंग अखंड होता, म्हणजे पाना कधी लागलेला नाही, दरवाजा कंपनीतून निघाल्यापासून तिथेच. पुढच्या दरवाज्याशी फट वरपासून खालपर्यंत सारखी. चारही काचांवर एकाच कंपनीची खूण. समोरचा मार मागच्या खांबापर्यंत आलेला नव्हता, ते पण टेप लावून बघितलं कारण एवढ्यात मी शिकले होते. आणि मिस्त्रींना सोबत नेलं होतं, त्यांच्या अर्ध्या दिवसाचे ५०० रुपये दिले, मजुरीतच धरले त्यांनी नंतर.

कागदाचं सांगते, कारण यात लोक लाजतात. मी दुकानदाराला सरळ म्हटलं, "चाचा, गाडीचे पेपर बघू द्या." ते चिडले नाहीत, मोबाईलमधून आरसीचा फोटो आणि इन्शुरन्स कंपनीने गाडी भंगारात विकल्याचं पत्र दाखवलं, मी चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवला आणि नंबर प्लेटचा नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाकून बघितला. चोरीच्या गाड्या कापून पार्ट विकण्याचा धंदा आहे हे सगळ्यांना माहितीय, मेरठचा सोतीगंज बाजार याच कारणाने पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पाडला. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण मला कलमापेक्षा दुसरीच गोष्ट डोक्यात होती, कुणाच्या तरी बाबांची गाडी चोरून कापलेली असेल आणि तिचा दरवाजा आपल्या गाडीला लावायचा, हे मला नकोच होतं. बिल मागितलं, त्यावर गाडीचं नाव, पार्ट आणि ज्या गाडीतून काढला तिचा नंबर लिहून घेतला. भाव ७,००० सांगितला होता, ५,५०० ला तुटला, बिजागऱ्यांसकट.

काढताना मिस्त्री तिथेच उभे राहिले आणि हे फार कामाचं ठरलं. गोदामातला पोरगा सवयीने कटर घेऊन वायर कापायला आला, मिस्त्री म्हणाले थांब, आणि खांबाजवळचा रबरी बूट मागे सारून प्लग काढला. वायर कापून आणली असती तर जोड मारावे लागले असते, दरवाजा उघडझाप होताना ती वायर रोज वाकते, जोड तिथेच तुटतो. दरवाजा पुठ्ठ्यात गुंडाळून छोट्या टेम्पोने आणला, ४०० रुपये.

आता बसवणं. रंगवून मग बसवायचा असं आम्हाला वाटत होतं, मिस्त्रींनी उलटं केलं, आधी पांढराच दरवाजा लावला. आणि लावायच्या आधी गाडीच्या खांबावरचा कुलपाचा हूक काढूनच टाकला. मी विचारलं का, तर म्हणाले हूक असला की तो दरवाज्याला ओढून आपल्या जागी बसवतो, मग दरवाजा खरा कुठे लटकतोय ते कळत नाही. हूक नसताना नुसता टेकवला तेव्हा दिसलं, मागची फट वर साधारण ३ मिलिमीटर आणि खाली ६, आणि पत्र्यावरची आडवी रेघ पुढच्या दरवाज्याच्या रेघेपेक्षा किंचित खाली. बिजागऱ्यांचे बोल्ट ढिले करून, खालून लाकडी ठोकळ्यावर जॅकने हळूच उचलून, परत कसून, असं चार-पाच वेळा केलं. दीड तास गेला. शेवटी फट सारखी आली, मग हूक लावला आणि तो पण थोडा आत सरकवला. या दीड तासाची घाई कुणी करू नका, रंग झाल्यावर हेच काम केलं तर कडांचे टवके उडतात.

मग उतरवून रंगाला. आमच्या सिल्व्हरचा कोड गाडीवरच्या स्टिकरवरून घेतला पण नुसत्या कोडावर मिसळलेला रंग नव्या गाडीचा येतो, म्हणून पेंटरने तीन पट्ट्या फवारून दुपारच्या उन्हात गाडीला लावून बघितल्या, ट्यूबलाइटखाली तिन्ही सारख्याच दिसत होत्या आणि उन्हात एकच जुळली. सिल्व्हरमध्ये धातूचे कण असतात, समोरून जुळला तरी तिरका बघितल्यावर गडद दिसू शकतो. त्यामुळे पुढच्या दरवाज्यावर आणि मागच्या क्वार्टर पॅनलवर रंग विरत नेला आणि क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, पूर्ण पॅनलवर मारला. आतल्या कडाही सिल्व्हर करून घेतल्या, काही जण फक्त बाहेरून रंगवतात आणि दार उघडलं की पांढरी पट्टी दिसते, बाबांना ते आवडलं नसतं. हे सगळं ९,००० ला झालं, सगळ्यात मोठा खर्च हाच. दरवाज्यापेक्षा रंग महाग.

एक चूक झाली ती पण सांगायला हवी. गाडी घरी आली, दोन दिवसांनी रात्रभर पाऊस, सकाळी मागच्या पायाखालचं कार्पेट ओलं. काचेच्या फटीतून पाणी दरवाज्याच्या आत जातं हे नॉर्मलच आहे, ते तळाच्या भोकांतून बाहेर पडायला पाहिजे, आणि आतल्या पॅडमागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो तो ते पाणी गाडीत येऊ देत नाही. मशीन तपासायला तो कागद काढला होता आणि परत साध्या टेपने चिकटवला, ओलाव्यात टेप सुटली. मिस्त्रींनी मान्य केलं, नवा कागद काळ्या चिकट ब्युटाइल टेपने बसवून दिला, कार्पेट सीटखालून उचलून पंख्यावर दोन दिवस वाळवलं. शिवाय चौकटीची रबर बीडिंग धडकेत दबली होती, ती नवी घेतली. पॅडचे प्लास्टिक क्लिपही नवे, जुने क्लिप काढताना तुटतातच, ते वाचवत बसू नका नाहीतर खड्ड्यात पॅड कडकड वाजतं.

हिशोब असा: दरवाजा ५,५००, टेम्पो ४००, काढणं-बसवणं आणि डेंटिंग ३,०००, रंग ९,०००, बीडिंग, क्लिप, कागद, टेप मिळून १,१५०. एकूण १९,०५०, त्यातले ६,००० टेम्पोवाल्याचे. अपघात ते गाडी हातात, २३ दिवस.

हे लिहितेय तेव्हा दुसरा पावसाळा चालू आहे. कार्पेट कोरडं आहे. चाइल्ड लॉक चालतं, काच खालपर्यंत जाते, दार बोटाने ढकललं तरी लागतं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात निरखून बघितलं तर मागचा पॅनल बारीक उजळ वाटतो, मला दिसतो, बाबांना दाखवला तर त्यांना दिसला नाही.

जुना मोडका दरवाजा आम्ही लगेच भंगारात घातला नाही, गच्चीच्या जिन्याखाली ठेवला होता. मार्चमध्ये त्याच चाचांचा फोन आला, सोलापूरच्या एका माणसाला बीटची डावी मागची काच पाहिजे, तुमच्या दरवाज्यातली शाबूत होती ना? होती. मिस्त्रींनी ती काढून दिली, त्या माणसाने ८०० रुपये पाठवले आणि काच बसल्याचा फोटो पण पाठवला. त्याचीही गाडी सिल्व्हर आहे.